गजभारे काकांची रेंज

गजभारे काका कोपऱ्यावर मेथीची जुडी आणायला गेले तरी लॉगबुक भरतात. 'निघालो आठ दहा. पोचलो आठ सोळा. प्रयोजन : मेथी. परत आठ एकतीस.' खाली सही, सहीखाली तारीख. वरिष्ठांच्या सहीची जागा मात्र कोरी सोडतात, कारण आता त्यांना कुणी वरिष्ठ उरलेला नाही. "ती सही काकूंची घेत चला की," असं मी एकदा गमतीनं म्हटलं. त्यावर त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी सरकारी जीप घरच्या लग्नाला मागितली होती.

काका तेहतीस वर्षं सरकारी खात्यात ड्रायव्हर होते. या काळात त्यांचे चौदा साहेब बदलले, दोन जिपा बदलल्या. काका बदलले नाहीत. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी ते अजून जिपेतच राहतात. घरात शिरताना दार उघडायच्या आधी मागं वळून बघतात. जेवणाला 'डिझेल भरणं' म्हणतात. कुणी मध्येच बोलला तर "ओव्हरटेक करू नका," म्हणून दम देतात.

मी त्यांची शेजारीण. नांदेडातून विष्णुपुरीकडं जाताना लागणाऱ्या एका कॉलनीत आमची भिंतीला भिंत आहे. एका कॉलेजात मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. मूळची मी लातूरची, आणि हे काकांना कळलं त्या दिवसापासून मला सुटका नाही. "लातूरवाले लई हुशार. फकस्त प्यायचं पाणी रेल्वेनं मागवत्यात," हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा ऐकते आणि दोन्ही वेळा त्यांना ते नवीनच सुचलेलं असतं.

दोन वर्षांपूर्वी काकांनी एक व्हॅन घेतली. शाळेची मुलं नेणारी, थकलेली व्हॅन. तिला त्यांनी स्वतःच्या हातानं हिरवा रंग दिला, पण मागच्या दारावर 'मुले आहेत, हळू चालवा' हे रंगाखालून अजून वाचता येतं. आतली बाकं काढून फळ्यांचा पलंग ठोकला. खिडक्यांना काकूंच्या जुन्या साडीचे पडदे लावले. मग एकेक सामान येत गेलं : बारकी शेगडी, मच्छरदाणी, ताडपत्री, घडीच्या दोन खुर्च्या, पाण्याचा जार आणि एक कुदळ.

"कुदळ कशाला, काका?"

"क्यांपिंगला लागती."

यापुढं मी विचारलं नाही.

तर, क्यांपिंग. हा शब्द त्यांनी मोबाइलवरच्या कुठल्या तरी व्हिडिओतून उचलला आणि गल्लीभर वापरून गुळगुळीत करून टाकला. दर रविवारी सकाळी ते फाटकाबाहेर व्हॅन काढत, ताडपत्री ताणून बांधत, खुर्ची उघडत, शेगडीवर चहा करत आणि स्वतःच्या घराकडं तोंड करून तो पीत. घर तिथून आठ फुटांवर. चहा झाला की ताडपत्री सोडून, घड्या घालून व्हॅन परत आत. समोरच्या बाल्कनीत तेवढ्यासाठी माणसं उभी राहायची.

"काका, कधी निघायचं मग?"

"टॅब आला की."

या टॅबपायी मी त्यात अडकले. एका संध्याकाळी काका दारात आले. "जयभीम म्याडम. तुम्ही त्या लाईनच्या. क्यांपिंगसाठी एक टॅब बघायचा हाय."

"नकाशा बघायला का?"

"नकाशा? मला?"

मी त्यांच्या आईवरून बोलले असते तरी इतकं लागलं नसतं. शिक्षा म्हणून त्यांनी मला नांदेड ते जळकोट हा रस्ता उभ्या उभ्या म्हणून दाखवला. कुठला पूल अरुंद, कुठल्या वळणावर म्हशी बसतात, सगळं. "कंधारच्या पुढं तिसऱ्या पुलावर डावीकडनं घ्यायचं. मधी खड्डा हाय. आज भरला तरी तो उद्या पडतोच, तवा भरलेला दिसला म्हणून भरवसा ठिवायचा न्हाई."

मग टॅब कशाला, हे काही त्यांनी सांगितलं नाही. मी आपली शिकवायच्या सवयीनं सुरू झाले. एक टॅब नुसता वायफायवर चालतो, एकात सिम घालता येतं. सिमवाला महाग पडतो. त्यापेक्षा साधा घ्यावा आणि खिशातल्या मोबाइलचा हॉटस्पॉट द्यावा. काका वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलासारखे ऐकत होते. सगळं ऐकून म्हणाले, "सिमवालाच पायजे. घरात..." मग थांबले. "म्हंजे जंगलात. जंगलात हॉटस्पॉट कोन देनार?"

आम्ही वजिराबादेत शेखभाईंच्या दुकानात गेलो. शेखभाई गोड माणूस. त्यांनी चार टॅब काढून ओळीनं मांडले, प्रोसेसर सांगितला, मेमरी सांगितली. काकांनी ते सगळं वाऱ्यावर जाऊ दिलं. खिशातून एक कागदाची पुडी काढली. पुडीत ज्वारीचं पीठ होतं. त्यात बोट बुडवून त्यांनी ते टॅबच्या काचेवर फिरवलं.

"चाचा," शेखभाई कळवळले, "टॅबलेट है ये, तवा नहीं!"

"पिठाच्या बोटानं चालतो का, बघून राहिलो."

मग त्यांनी तो टॅब काउंटरवरच्या पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला, सहा पावलं मागं गेले आणि डोळे बारीक करून बघत राहिले. मग दहा पावलं. मग पाठमोरे होऊन नुसता आवाज ऐकला. दुकानातल्या इतर गिऱ्हाइकांनी खरेदी थांबवली. मी एका चार्जरचं वेष्टन फार मन लावून वाचू लागले.

असे आम्ही चार वेळा गेलो. पाचव्या वेळी शेखभाई आम्हाला रस्त्यापलीकडून बघूनच गोदामात गेले.

डेटा प्लॅनचं तर विचारूच नका. काकांचं पहिलं भांडण कॅलेंडरशी. "महिना अठ्ठावीस दिवसांचा कोन्या सरकारनं केला? बारा महिने फेब्रुवारी? आम्ही तीस दिवस जीप चालवली तवा पगार झाला. ह्यांचा महिना दोन दिवस आधीच कसा काय संपतो?" दुसरं भांडण रोजच्या दीड जीबीशी. "आज मी अर्धाच वापरला. उरलेला कुठं गेला? टाकीतलं डिझेल सकाळी कमी भरलं तर ड्रायव्हरला नोटीस निघती, म्याडम. इथं रोज टाकी रिकामी करून राहिले आन् कोनी काई बोलंना." मी म्हटलं, नियमच तसा आहे. ते म्हणाले, "मंग नियमाला काहून कोनी इचारत न्हाई?" याचं उत्तर आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

प्लॅन घ्यायचा तर आधी कुठल्या कंपनीची रेंज कुठं आहे ते कळायला हवं, असा त्यांचा पुढचा मुद्दा. खरं तर तो बरोबर होता, पण बरोबर गोष्टही ते अशा थाटात करत की हसूच येई. तीन कंपन्यांची तीन सिमं त्यांनी तीन जुन्या मोबाइलात घातली आणि व्हॅन घेऊन पाहणीला निघाले. एका शनिवारी भोकर. दुसऱ्या शनिवारी लोहा. घरी येऊन वहीत गावाचं नाव, वेळ आणि कुठल्या सिमला किती दांड्या, ते लिहायचं.

मला एकदा लातूरला माहेरी जायचं होतं. "चला, सोडतो. माझं बी काम होतंय," काका म्हणाले. अडीच-तीन तासांचा रस्ता. मी बसले, आणि काकांनी अहमदपूरचा सरळ रस्ता सोडून गाडी जळकोटकडं वळवली.

दर चार-पाच किलोमीटरला व्हॅन थांबे. काका उतरत, बॉनेटवर फडकं अंथरून तीन मोबाइल मांडत, चष्मा लावून दांड्या मोजत. एका फाट्यावर माणसं जमली. "टावर येनार काय, साहेब?" एका म्हाताऱ्यानं विचारलं. काकांनी जन्मभर दुसऱ्याला साहेब म्हटलेलं. त्यांनी खाकी टोपी नीट केली आणि गंभीरपणे म्हणाले, "पाहणी चालू हाय." आम्हाला चहा मिळाला. गावाला टॉवर मिळाला नसणार.

जळकोटच्या अलीकडं, डांबरी सोडून आत, डोंगराच्या खळग्यात एक वाडी आहे. वीस-पंचवीस घरं. तिथं काका मला गाडीत ठेवून एकटेच खाली उतरून गेले. अर्ध्या तासानं आले ते तोंड पाडून.

"तिन्ही मेले," ते म्हणाले. "एक दांडी न्हाई."

"मग सोडा ना ही जागा. इथं कोण क्यांपिंग करणार?" मी वैतागले होते. भोवती बाभळी, धोंडे आणि एक मोडकी बैलगाडी. सावली औषधाला नाही.

"इथंच पायजे होती," ते म्हणाले आणि त्यांनी गाडी लातूरच्या रस्त्याला लावली.

त्या प्रवासाची मी स्टाफरूममध्ये नक्कल केली. पिठाची पुडी, बॉनेटवरचे मोबाइल, 'पाहणी चालू हाय'. खडूच्या डबीला टॅब समजून दहा पावलं मागं जाऊनही दाखवलं. लोक इतके हसले की दुसऱ्या दिवशी जे गैरहजर होते त्यांच्यासाठी मला ती परत करावी लागली. मी ती चांगली करते.

अखेर टॅब आला. दहा इंची, सिमवाला. काकांनी त्यात वर्षभराचा प्लॅन टाकला, म्हणजे फेब्रुवारीची कटकट नाही. रविवारी सकाळी साडेसातला व्हॅन निघाली तेव्हा गल्लीनं टाळ्या वाजवल्या. कुणीतरी नारळसुद्धा फोडला. काकांनी आरसा नीट केला, हॉर्न दिला आणि ते एकदाचे क्यांपिंगला गेले.

साडेनऊच्या सुमारास भिंतीपलीकडून गयाकाकूंची हाक आली. "ज्योती, इकडं ये की माय. हे बंद पडलं."

काकूंशी माझा संबंध वाटीभर साखरेपुरता. बाई घरातून फारशी बाहेर पडत नसे. मी गेले तर काकू स्वयंपाकघरात परातीपुढं बसलेल्या, कोपरापर्यंत पीठ. समोर डब्याला टेकवून टॅब उभा.

"हे घरी राहिलं?" मी म्हटलं. "काका विसरले की काय?"

"इसरत्यात कशाला. माझंच हाय ते."

टॅब बंद पडला नव्हता, नुसता झोपला होता. मी तो जागा केला आणि तिथंच पाटावर बसले. मग काकूंनी भाकरी थापता थापता जे सांगितलं ते असं.

काकूंना गाडी लागते. लहानपणापासून. बस, जीप, रिक्षा, काहीही. दोन कोस गेलं की उलट्या सुरू आणि मग दोन दिवस डोकं वर होत नाही. लग्नाची वरात जिपेतून निघाली होती. नवरा ड्रायव्हर म्हणून हौसेनं साहेबांनीच जीप दिलेली. त्या जिपेत काय झालं ते काकूंनी मला सांगितलं, मी इथं सांगत नाही. गोळ्या झाल्या, लिंबू झालं, पोटाला कागद बांधून झाला. "रेल्वे लागत न्हाई मला. पन आमच्या वाडीला रेल्वे जात न्हाई."

"वाडी कुठली?"

"जळकोटाजवळची. माझं माहेर. थोरली बहीन हाय तिथं, धुरपाअक्का. मायबाप गेल्यावर तिनंच वाढवलं मला. आता तिचे गुडघे गेले, ती येत न्हाई. मी जाऊ शकत न्हाई. फोनवर कधी बोलनं झालं तर तुटक तुटक. तोंड बघून अकरा वर्षं झाली."

काकूंनी भाकरी तव्यावर टाकली.

"ऑफिसात लई हसायचे ह्यांना. म्हनायचे, डायवरच्या बायकूला गाडी लागती. एका साहेबानं तर समद्यांपुढं माझी नक्कल केली होती म्हनं, वकारीची. हे तवा काई बोलले न्हाईत. नोकरी होती. पन घरी येऊन जेवले न्हाईत दोन दिस. तवापासून कोनाला सांगत न्हाईत. मला हसलेलं खपत न्हाई त्यांना."

"आणि ते क्यांपिंग?"

"ते आवडतं त्यांना, खोटं कशाला बोलू. ताडपत्री लई आवडती. पन रिटायर झाल्यापासून मला सोडून एक रात बाहेर ऱ्हायले न्हाईत अजून." काकू हसल्या. "लोकं म्हनत्यात म्हातारा येडा झाला. मी म्हनलं, सांगा की खरं. तर म्हनले, मला येडा म्हनू दे. माझं काय जातंय."

माझ्या डोळ्यांपुढं स्टाफरूम आली. मी तव्याकडं बघत बसले.

तेवढ्यात टॅब वाजला. काकूंनी पिठाच्या बोटानं तो उचलला आणि काचेवर रस्ता उमटला. व्हॅनच्या समोरच्या काचेतून दिसणारा, सरळ, उन्हानं पांढरा झालेला रस्ता. काका दिसत नव्हते, नुसता आवाज.

"दिसून राहिलं का?"

"हाव. जरा हळू. त्या चिंचा कोन्या गावच्या?"

"मुखेड मागं पडलं आत्ताच."

"डावीकडं काय हाय?"

व्हॅन थांबली. चित्र डावीकडं वळलं. एक तळं होतं, त्यात चार बगळे. काकूंनी ते पोटभर बघितलं. भाकरी करपल्याचा वास आला. मीच उठून ती उलटली. तासभर असंच चाललं. त्या "थांबा" म्हणत आणि शंभर किलोमीटरवरची व्हॅन थांबे. चक्कर नाही, मळमळ नाही. बाई परातीपुढं बसून गावं ओलांडत होती. मध्ये दोनदा चित्र गेलं, तेव्हा त्या हातावर हात ठेवून बसल्या आणि ते परत आलं तेव्हा पदर सारखा केला.

वाडीच्या खळग्यात रेंज नव्हतीच. पण वरच्या टेकाडावर, पाण्याच्या टाकीजवळ, तिसऱ्या सिमला दोन दांड्या येतात, असं काकांनी मागच्या महिन्यात जाऊन शोधून काढलं होतं. अक्काला वर आणायला ते खाली गेले. वीस मिनिटं काहीच नाही. काकूंनी हात धुतले, केस बसवले, परत हात धुतले. मग टॅब वाजला आणि व्हॅनच्या पुढच्या सीटवर बसलेली, हिरव्या लुगड्यातली एक सुरकुतलेली म्हातारी समोर आली. तिला मोबाइल कुठं धरायचा कळत नव्हतं. आधी नुसतं कपाळ, मग एक कान, मग सगळी ती.

काकूंनी टॅब जवळ ओढला.

"केस पांढरे झाले की गं तुझे," अक्का म्हणाली.

"तुझे तर ऱ्हायलेच न्हाईत."

यावर दोघी हसल्या आणि हसता हसताच काकूंचा चेहरा मोडला. मी उठायला लागले तर त्यांनी माझं मनगट धरून मला बसवलं. मग आईचं, शेताच्या वाटणीचं, कुणाच्या तरी सुनेचं, मेलेल्या म्हशीचं असं बोलणं सुरू झालं. म्हशीसाठी दोघी वेगळं रडल्या.

अक्काच्या मागं व्हॅनची खिडकी होती आणि त्या खिडकीतून मला काका दिसत होते. टाकीच्या कट्ट्यावर, भर उन्हात, गाडीकडं पाठ करून ते उभे. एक हात डोक्यावर उंच, हातात तिसऱ्या सिमचा मोबाइल. त्याचाच हॉटस्पॉट अक्काच्या हातातल्या मोबाइलला होता. हात दुखला की ते दुसऱ्या हातात घेत. पाऊण तास ते तसेच उभे होते.

"पाव्हनं उन्हात काय करून राहिले?" अक्कानं एकदा मान वळवून विचारलं.

"टावर धरून हुबे हाईत," काकू म्हणाल्या. "तू बोल."

संध्याकाळी काका परत आले. मी फाटकाशी उभी होते. विषय कसा काढावा कळेना, म्हणून शिकवायच्या सवयीनं चूक दाखवली. "काका, हात वर करून उभं राहायची काय गरज होती? मोबाइल व्हॅनच्या टपावर ठेवला असता तरी चालला असता. तिथंही तेवढीच रेंज मिळाली असती."

"माहीत हाय, म्याडम. ठिवून बघितला होता. बराबर दोन दांड्या येत होत्या."

"मग?"

काकांनी व्हॅनचं दार लोटून नीट लागलं का ते बघितलं.

"मी गाडीत बसलो असतो तर दोघी मोकळ्यानं बोलल्या असत्या का? आन् रिकामा बाहेर हुबा ऱ्हायलो असतो तर अक्कानं आत बलावलं असतं. पाव्हना मानूस हाय मी."